जंगल सफारीला पहिल्यांदाच चाललोय (ताडोबा). जिप्सीत बसल्यावर नेमकं काय होतं?

अंत्रुजकर (फोंडा)

नमस्कार मंडळी. जानेवारीअखेर ताडोबाला जायचं नक्की झालंय. मोहर्ली गेटचं बुकिंग झालं, नागपूरपर्यंतची तिकिटंही झाली. बरोबर बायको, सातवीतले चिरंजीव आणि बहात्तर वर्षांची आई. आईचं माहेर केरी-सत्तरीचं. तिचं म्हणणं, "वाघ बघायला एवढ्या लांब कशाला? आमच्याकडे वाघ गोठ्यापर्यंत यायचा."

आमच्यापैकी कुणीच खरी सफारी केलेली नाही. कुळ्याहून जीपने दूधसागरला गेलोय आणि बोंडल्याला पिंजऱ्यातले प्राणी बघितलेत, एवढीच शिदोरी. यूट्यूबवर बघावं तर प्रत्येक व्हिडिओत तिसऱ्या मिनिटाला वाघ रस्त्यावर हजर. मधले तीन तास कुणी दाखवतच नाही. ते तीन तास कसे असतात ते सांगा. आईला झेपेल का, तेही सांगा.

डिचोलीची_लेक

दूधसागरची जीप डोक्यातून काढून टाका. ती धबधब्यापर्यंत पोचवणारी गाडी, धक्के खात जायचं, पाण्यात डुंबायचं आणि परत. सफारीत पोचायचं असं कुठेच नसतं. गाडी वीसच्या आसपास वेगाने चालते, थांबते, इंजिन बंद होतं, सगळे गप्प बसतात, पुन्हा सुरू. निम्मा वेळ तुम्ही एका जागी उभे असता.

आईंच्या बाबतीत: जिप्सी उघडी असते आणि उंच असते. चढताना पाय बराच वर टाकावा लागतो, गेटवर एखादं स्टूल किंवा कठडा मिळतोय का बघा. त्यांना मधल्या रांगेत बसवा, मागच्या रांगेत नको. मागची सीट थेट चाकांवर येते, कंबरेचं भजं होतं. पुढे ड्रायव्हरशेजारी गाइड बसतो, ती जागा मागू नका.

आणि थंडी! आम्हा गोयंकारांकडे स्वेटर म्हणजे उटीच्या ट्रिपला घेतलेला एकच, तोही कपाटाच्या तळाशी. विदर्भातली जानेवारीतली पहाट आणि वर उघडी गाडी. कानटोपी, हातमोजे, जाड शाल, सगळं घ्या. नऊनंतर ऊन चढतं आणि एकेक थर उतरवावा लागतो.

लेन्सवाला

कोअरमध्ये (म्हणजे जंगलाच्या राखीव गाभ्यात) मोबाईल चालत नाही, हे चिरंजीवांना आत्ताच सांगून ठेवा. गेटवर रडारड नको. कॅमेरा चालतो. नसेल तर नवा घेऊ नका, बरी दुर्बीण घ्या. ८x४२ची पुरते. दर माणशी एक असावी हे माझं ठाम मत. एका दुर्बिणीवरून नवरा-बायकोची भांडणं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

पैसा_वसूल

मी एकच गोष्ट सांगतो. गाडीत बसताच ड्रायव्हरच्या हातात पाचशेची नोट ठेवायची आणि म्हणायचं, वाघ दिसला तर अजून पाचशे. मग बघा कसा पळतो. एवढे पैसे भरून हरणं बघायला कोण जातो? हरणं काय, बोंडल्यातही आहेत.

नागपुरी_जावई

पैसा_वसूल भाऊ, काहून पोरांना नादी लावता? या नोटेनंच तर वाट लागते. त्याबद्दल नंतर सांगतो.

अंत्रुजकर, सासर म्हापशाचं अन् घर नागपूरचं, त्यामुळे दोन्ही बाजूंचा माणूस आहे मी. ऐका तर.

गेटवर अर्धा तास आधी पोचा. वेळ मोसमाप्रमाणे बदलते, पावतीवर असते ती बघा. ओळखपत्र मूळ लागतं, झेरॉक्स दाखवून काही होत नाही. गाइड तिथंच मिळतो, तो आजूबाजूच्याच गावचा पोरगा किंवा पोरगी असते. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. तुम्ही चौघंच आहात, पूर्ण गाडी घेतली असेल तर उत्तमच, आईंना पाय मोकळे ठेवता येतील.

आत शिरल्यावर पहिला अर्धा तास गाइड तुमच्याकडं बघतसुद्धा नाही, त्याचं लक्ष रस्त्याच्या धुळीत असते. वाघाला झाडीत काटे तुडवण्यापेक्षा मऊ धुळीचा रस्ता बरा वाटतो, रात्रभर तो त्याच रस्त्यानं हिंडते. पहाटे पहिल्या गाड्या जातात तेव्हा पगमार्क, म्हणजे पंजाचे ठसे, ताजे असतात. गाडीच्या चाकोरीवर पंजा उमटला असेल तर गाडी गेल्यावर वाघ गेला. पंजावर चाकोरी असेल तर वाघ आधी गेला. चौकोनी अन् मोठा असला तर नर, जरा लांबट अन् बोटं निमुळती असली तर मादी. चिरंजीवांना हे आधी सांगून ठेवा, मग बघा, गाइडच्या आधी तेच ओरडतील. (ओरडू नका म्हणावं, बोटानं दाखवा.)

मग कुठं वळायचं ते ठरते. पंजे पाण्याकडं गेले असतील तर पाणवठ्याला जाऊन उभं राहायचं. मोहर्लीकडून गेलात तर तेलिया तलाव आहे. तिकडं जामनीचं मोकळं गवताळ मैदान आहे. तिथं आधी गाव होतं, पुनर्वसन झालं अन् आता चितळं चरतात. ताडोबाच्या रस्त्यानं जाताना कडेला जुने दगडी खांब दिसतील, गोंड राजांच्या काळचे. गाइड त्याची गोष्ट सांगेल, ऐकाच.

आता त्या नोटेचं. पैसे कबूल केले की ड्रायव्हर एका जागी थांबत नाही. इकडं कॉल (हरणा-वानरांचा धोक्याचा आवाज) आला की इकडं पळ, तिकडून दुसरी जिप्सी आली की तिकडं पळ. अख्ख्या सफारीत तुम्ही फक्त धूळ खाता. अन् सगळ्याच गाड्या असं करायला लागल्या की दहा-बारा जिप्स्या एका वाघिणीला घेरून उभ्या. ती बिचारी रस्ता ओलांडायला जागा शोधून राहिली. तुम्ही उलटं करा. बसल्या बसल्या गाइडला सांगा, "भाऊ, आम्हाला घाई नाही, तुम्हाला वाटेल तिथं थांबू." त्याचा चेहरा बघा कसा खुलते. टिप सफारी संपल्यावर द्या, वाघ दिसो न दिसो.

पैसा_वसूल

ज्याचं त्याचं मत. मला तरी वाघ दिसला होता.

वाळपयकार

दिसला असेल, पण किती वेळ आणि कितव्या गाडीच्या मागून?

अंत्रुजकर, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, त्या आमच्याच बाजूच्या. त्या म्हणतात त्यात खोटं काही नाही, पण सत्तरीत वाघ दिसतो म्हणजे कसा दिसतो ते त्यांनाच विचारा. रान एवढं दाट की दहा पावलांवर काय आहे कळत नाही. चढउतार, कारवीच्या जाळ्या, वर्षभर हिरवं. म्हादई, नेत्रावळी, मोले, खोतीगाव, या आपल्या अभयारण्यांत सगळीकडे तीच गत. गवा रेडा, आपला राज्यप्राणी, एवढं धूड, तोसुद्धा रस्त्यापासून पाच हातांवर उभा असून दिसत नाही, नुसता फुत्कार ऐकू येतो. म्हणून आपल्याकडे ताडोबासारखी गाडीतली सफारी जमत नाही. ताडोबा पानझडीचं रान. साग, ऐन, बांबू, मध्ये मध्ये गवत, सपाट जमीन. तिथे नजर लांब जाते.

तरी खरी सफारी कानांनी करायची असते. गाडी थांबली आणि गाइडने हात वर केला की श्वाससुद्धा हळू घ्या. तो कॉल ऐकतोय. वानर झाडाच्या शेंड्यावर बसलेलं असतं, त्याला खालचं सगळं दिसतं. ते खोकल्यासारखं खॉक, खॉक करतं. चितळाचा आवाज बारीक आणि चिरका, एखाद्याने अचानक शिट्टी फुंकावी तसा. तेव्हा कळपातली बाकीची चितळं काय करतात ते दुर्बिणीतून बघा. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला, शेपट्या वर, आणि एखादं पुढचा पाय जमिनीवर आपटतं. ती ज्या दिशेला बघतायत तिकडे बघायचं, चितळांकडे नाही. पहिल्यांदा जाणारे हमखास चितळांचेच फोटो काढत बसतात.

चितळ जरा भित्रं, ते कोल्ह्यालाही कॉल देतं, रानकुत्र्यालाही देतं. सांबराचं तसं नाही. सांबराने घसा ताणून मोठ्याने ‘ढांक’ केलं, आणि पुन्हा पुन्हा करत राहिलं, तर गाइड बांबूवर हात आपटून म्हणेल, आहे! आणि गंमत म्हणजे कॉल अचानक थांबले तर दोन अर्थ: वाघ बसला, किंवा निघून गेला. मग वाट बघायची. वीस मिनिटं, अर्धा तास, कधी पाऊण. या वाट बघण्यातच माणसं कंटाळतात आणि ‘चला पुढे’ म्हणतात. पुढे गेलेल्या गाडीच्या मागे वाघ रस्त्यावर येतो, हे नेहमीचं.

एक कडू बोलतो आणि थांबतो. आपण हजारो रुपये खर्चून ताडोबाला जातो, जावंच. पण २०२० च्या जानेवारीत आपल्या म्हादईत, गोळावलीला, वाघीण आणि तिची पिल्लं विषाने मेली तेव्हा गोव्यातल्या किती जणांना त्याची झोप उडाली? गुरं मारली म्हणून विष घातलं. नुकसानभरपाई वेळेवर हातात पडली असती तर…

अंत्रुजकर

वाळपयकार, आईला तुमचं वाचून दाखवलं. म्हणाली, त्यांच्या वेळी रानात वाघराच्या पाषाणाला नारळ ठेवल्याशिवाय कुणी गुरं आत घालत नसे. बाकी ती आता सफारीला माझ्यापेक्षा उत्सुक आहे.

मांडवीकाठ

वाळपयकार, गोव्यात व्हायच्या व्याघ्र प्रकल्पाला तुमच्याच भागातून विरोध झाला ना? जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत अधिसूचना काढा म्हणून सांगितलं, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. गावकऱ्यांना घरं सोडावी लागतील ही भीती खोटी का?

वाळपयकार

खोटी नाही. माझ्या घरातही दोन मतं आहेत. भीती दूर करायला गावात येऊन कुणी नीट बोललं तर पाहिजे ना.

संपादक

मंडळी, व्याघ्र प्रकल्पावर वेगळा धागा आहे, तिकडे चला. इथे जिप्सी.

शिरोड्याची_सुगरण

खाण्याचं कुणीच सांगितलं नाही! सफारीत डबा नेता येतो का? आणि तिकडे नुस्तें मिळतं का हो?

नागपुरी_जावई

वहिनी, नुस्तें विसरा. गोड्या पाण्याची मासळी मिळते, पण तुम्हाला तिच्यात चिखल लागेल अन् मग आमच्या विदर्भाचं नाव खराब. सावजी रस्सा खा. आईंना झेपणार नाही, त्यांच्यासाठी वरण-भात सगळीकडं असते.

गाडीत पाण्याची बाटली न्या, पण रिकामी बाटली अन् रॅपर परत बाहेर आणायचं. खाणं शक्यतो गाडीत काढूच नका. वानरं शहाणी झाली आहेत, पिशवीची चेन उघडतात. प्रसाधनगृहं ठरलेल्या ठिकाणीच आहेत, तिथंच खाली उतरता येते. बाकी कुठंही गाडीतून उतरायचं नाही म्हणजे नाही. आईंना सकाळी चहा अर्धाच द्या. शरमायचं नाही, निघतानाच गाइडला सांगून ठेवायचं की मध्ये थांबावं लागेल, तो मार्ग तसा आखते.

केपेंची_मोगरी

एक भाबडा प्रश्न. गाडी उघडी, वाघ दहा फुटांवर. त्याने उडी मारली तर? आणि लाल कपडे घातले तर चवताळतो म्हणतात.

लेन्सवाला

लाल कपड्यांचं सोडून द्या. वाघाला आणि हरणांना लाल-नारिंगी रंग आपल्यासारखा दिसतच नाही. हरणाला नारिंगी वाघ हिरव्या-करड्या गवतात मिसळलेला दिसतो, म्हणून तर त्याची शिकार जमते. खटकतो तो पांढरा शुभ्र, चकचकीत, फडफडणारा कपडा. ओढणी बांधून ठेवा. खाकी, मातकट, काळपट हिरवं असं काहीही चालेल. मिलिटरीच्या छापाचे नवे कपडे घ्यायची काही गरज नाही, ते फक्त फोटोत छान दिसतात.

उडीचं: तिथले वाघ बछडे असल्यापासून जिप्सी बघतात. गाडी आणि आतली माणसं मिळून त्यांना एकच काहीतरी मोठं, निरुपद्रवी दिसतं. त्यातून एक माणूस उभा राहिला, हात बाहेर आला, कुणी ओरडलं की तो आकार मोडतो. म्हणून बसून राहायचं. वाघ समोरून रस्त्याने चालत येत असेल तर ड्रायव्हर गाडी मागे मागे घेत जातो. तेव्हा छातीत धडधडणारच, ते फुकट आहे. मारक्या म्हशीकडे बघतो तेवढंसुद्धा तो तुमच्याकडे बघत नाही, हे मात्र जरा मनाला लागतं.

नैरोबीचा_गोंयकार

बऱ्याच वर्षांनी धाग्यावर लिहितोय. घराणं असोळण्याचं, पोट इकडे. ताडोबा झालं की पुढच्या वेळी केनियातल्या मसाई माराचा विचार करा, म्हणून फरक सांगून ठेवतो.

इकडे रानच नाही, गवताचा समुद्र. प्राणी शोधावे लागत नाहीत, कुठला बघायचा ते ठरवावं लागतं. छप्पर वर उचलता येणारी लँड क्रूझर असते, उभं राहून बघता येतं. सकाळी निघून डबा घेऊन दिवसभर बाहेर राहता येतं. ड्रायव्हरच गाइड, आणि रेडिओवर एकमेकांना कळवत असतात. अभयारण्याबाहेरच्या खासगी कॉन्झर्व्हन्सीत वाट सोडून गाडी नेतात, रात्रीची फेरीही असते. सगळे ‘बिग फाइव्ह’ म्हणत असतात: सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, म्हैस. ही यादी शिकाऱ्यांची, पायी शिकार करायला अवघड कोण त्यावरून ठरलेली. देखणेपणाशी तिचा संबंध नाही, नाहीतर रानम्हशीला कुणी घेतलं असतं?

विल्डबीस्टचे (गाईएवढ्या आफ्रिकी हरणांचे) कळप जुलै ते ऑक्टोबर मारात असतात. नदी ओलांडताना बघायचं तर काठावर चार-चार तास उन्हात थांबायची तयारी हवी. कळप काठाशी येतो, वास घेतो, मागे फिरतो. पुन्हा येतो. मगरी वाट बघत पडलेल्या, पर्यटकही वाट बघत पडलेले. जुलै म्हणजे थंडी, इकडे उंची जास्त आहे. डिचोलीच्या ताईंनी सांगितलेला स्वेटर इथेही लागेल. गडद निळे-काळे कपडे टाळा, त्यांच्यावर त्सेत्से माश्या येतात. लहान विमानाने जाणार असाल तर सामान पंधरा किलोपर्यंतच, तेही मऊ बॅगेत.

आणि पीतज्वराची लस. प्रवासाच्या दहा दिवस आधी घ्यावी लागते, पिवळं कार्ड जपून ठेवायचं. भारतात परतताना ते मागतात, नसेल तर वेगळं ठेवतात. दक्षिण आफ्रिकेत क्रुगरला थेट भारतातून गेलात तर ही कटकट नाही.

डिचोलीची_लेक

बापरे, केनिया! आम्ही आधी दांडेली तरी पुरी करतो. अनमोड घाट चढला की काली व्याघ्र प्रकल्प, मोल्याला लागूनच. वाघ-बिबट्या दिसेल या आशेने जाऊ नका, रान आपल्यासारखंच दाट. पण धनेश! चार प्रकारचे धनेश एकाच परिसरात. मोठा धनेश डोक्यावरून उडत गेला की पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनासारखा येतो. आईंना एवढ्या लांबच्या प्रवासाआधी जिप्सीची सवय करायची असेल तर एक सकाळ तिकडे घालवा.

अंत्रुजकर

ही कल्पना आवडली. एक शंका: जानेवारीत जाणं बरोबर का? कुणीतरी म्हणालं, मे महिन्यात वाघ हमखास दिसतो.

नागपुरी_जावई

हमखास हा शब्द जंगलात नाही. पण खरं आहे, एप्रिल-मेमध्ये पानं झडलेली असतात, पाणी आटलेलं असते अन् वाघ पाणवठ्यात शेपटीकडून बसून राहतो. (शेपटीकडूनच उतरते पाण्यात, तोंड भिजवायला आवडत नाही त्याला.) पण आमच्याकडं मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर असते. दुपारच्या सफारीला उघड्या गाडीत बहात्तर वर्षांच्या आईंना बसवाल? जानेवारीत गवत अजून उभं असते, वाघ जरा लपते, पण सकाळचं धुकं, तलावावरचे पक्षी, उन्हात शेकत पडलेल्या मगरी, रानकुत्र्यांच्या टोळ्या, हे सगळं फुरसतीनं बघता येते. मंगळवारी कोअर बंद असते, बघून घ्या. अन् पाऊण ताडोबा तुम्हाला दिसणारच नाही, कोअरच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागातच पर्यटन करावं असं राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. ते बरंच आहे बाप्पा, बाकीच्या भागात त्यांना जरा निवांत राहू द्या.

शेवटच्या अर्ध्या तासात गाडी सुसाट सुटली तर घाबरू नका. गेट बंद व्हायच्या आत बाहेर पडावं लागते, उशीर झाला की ड्रायव्हर-गाइडवर कारवाई होते. म्हणून शेवटच्या क्षणी "अजून पाच मिनिटं थांबा" म्हणू नका.

केपेंची_मोगरी

आणि वाघ दिसलाच नाही तर सातवीतल्या मुलाला काय सांगायचं?

वाळपयकार

काही सांगायचं नाही. त्याच्या हातात वही द्या. काय दिसलं ते लिहू दे: कुठला पक्षी, कुठला पंजा, कुठला कॉल कुठून आला. सागाच्या खोडावर वर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, नखांचे ओरखडे असतात, ते वाघाने पाय ताणून काढलेले असतात. अस्वलाचे वेगळे, मोहाच्या किंवा मधाच्या झाडावर चढताना काढलेले. वारुळं फोडलेली दिसली तर तीही अस्वलाने. गाइडला एक प्रश्न विचारला की तो दहा गोष्टी सांगतो, फक्त तो प्रश्न ‘वाघ कुठे आहे’ हा नको. माझ्या भाच्याने वाघ न बघता वही भरून आणली होती, शाळेत बाईंनी वर्गात वाचायला लावली.

पैसा_वसूल

ठीक आहे, नोट शेवटी देईन. खूश?

नागपुरी_जावई

लय खूश. या एकदा, सावजी माझ्याकडून.

डिचोलीची_लेक

अंत्रुजकर, एक राहिलं. बुकिंगवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. आपल्या जुन्या माणसांच्या कागदांवर आडनावाचं स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचं असतं आणि आधारवर वेगळंच. गेटवरच्या विदर्भातल्या माणसाला ते समजावत बसाल तोवर पहिला अर्धा तास, म्हणजे पंजे बघायचा, गेलाच म्हणून समजा.

अंत्रुजकर

आईच्या मतदार कार्डावर एक, आधारवर दुसरं आहे, एवढं पक्कं आठवतंय. बुकिंग कुठल्यावर केलं ते बायकोला विचारून सांगतो. ती आत्ता बाजारात हातमोजे शोधतेय, फोंड्यात मिळत नाहीत म्हणे.